न वाजणारी पट्टी

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला हरणी भागातल्या आमच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर बाबांनी आईसाठी एक जुना ग्रँड पियानो आणला होता आणि आतल्या लोकरी फेल्टला कसर लागू नये म्हणून त्यात या गोळ्या ठेवल्या होत्या. तारा बदलून, पट्ट्या घासून त्या दिवशी त्यांचं दुरुस्तीचं काम पुरं झालं. "बरोबर छे!" असं गुजरातीत म्हणत बाबा बाजूला झाले आणि आई वाजवायला बसली. डावीकडचा, करंगळीखालचा एक सूर मात्र लागेना. बाबांनी ती पट्टी काढली, घासली, परत बसवली. आईने दाबली, तरी आवाज नाही. बाबांनी दाबली तर सूर खणखणीत, मी दाबली तरीही. "तुझ्यावर रुसलाय तो," असं म्हणून आम्ही हसलोसुद्धा. मग आईने उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि पट्टी वाजली. आईने डावा हात पदराखाली घेतला. "पट्टीच जड आहे हो, जरा परत बघा ना," ती हळूच म्हणाली. बाबांनी मान वर न करता पट्टी पुन्हा काढली. पुढे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तोवर बाबांनी डावीकडचं सगळं फेल्ट बदलून टाकलं होतं. आई त्या पियानोवर पुन्हा बसली नाही. आता तो माझ्याकडे आहे. परवा वाजवताना डाव्या करंगळीखालचा एक सूर मला हलका वाटला, म्हणून ट्यूनरला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत बंद केला.