सक्करदऱ्याचा कूलर

आता चहा हातात घ्या आणि मग हसा. माणूस रस्ता चुकतो, बस चुकतो. मी चक्क घर चुकलो!

नागपुरातलं सक्करदऱ्याचं, मी लहानाचा मोठा झालो ते भाड्याचं घर सोडून वर्धा रोडच्या फ्लॅटमध्ये जायचा हट्ट माझाच. ऑफिस जवळ, लिफ्ट, एसी! आई रडवेली झाली, तेव्हा मीच तिला शहाणपणा शिकवला, "घर म्हणजे काय वं, चार भिंती. आठ दिवसांत विसरशील." जुना कूलरही तिथंच खिडकीत सोडून आलो.

महिनाही झाला नसेल. मे महिन्याची दुपार, तोंडाला दुपट्टा, उन्हानं डोकं बधिर. ऑफिसातून लवकर सुटलो आणि स्कूटी आपली चालत राहिली. घरात शिरलो, चपला भिरकावल्या. त्या उन्हातून आल्यावर आत काही दिसतं का? "आई, पाणी दे वं," म्हणालो. कूलरचा आवाज नव्हता, म्हणून सवयीनं त्याच्या डाव्या कोपऱ्यावर एक बुक्की घातली. झाला सुरू.

वळून पाहतो तर पाण्याचा ग्लास घेऊन एक अनोळखी काकू उभ्या. "बरं झालं आले भाऊ. सकाळपासून मेकॅनिकची वाट पाहून राहिलो आमी."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पण सवयीनं जुन्याच घरी आलो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आईच्या कानावर गेलं असतं तर माझी काय इज्जत राहिली असती? झालो मेकॅनिक!

बरं, मुकाट निघावं की नाही? मोरीचं दार लागत नव्हतं, ते थोडं उचलून लावायला शिकवलं. गळका नळही नीट बसवून दिला. इतकं कसं माहीत, असं काकूंनी विचारलं, तर बोलून गेलो, "पंचवीस वर्षांचा अनुभव आहे." माझं वय सव्वीस!

पैसे घेतले नाहीत, म्हणून त्यांनी पन्हं दिलं, जेवायला बसवलं आणि फोन नंबर मागून घेतला. खरं सांगतो, त्या कूलरच्या वाऱ्यात दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. अनोळखी माणसाला इतकं मायेनं कोण वाढतं हो? त्या काकूंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी अर्थातच चकार शब्द काढला नाही. पण रविवारी माझा फोन वाजला आणि तो नेमका आईनं उचलला. सक्करदऱ्याच्या काकूंचा कूलर पुन्हा बंद पडला होता आणि त्या कूलरवाल्या भाऊंना बोलवत होत्या. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चावी शोधेपर्यंत ती खाली स्कूटीपाशी उभी.

तिथं पोचल्यावर ती सरळ कूलरसमोरच्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. आता लपवायचं काय? मी मान खाली घालून कबूल केलं, की काकू, मी मेकॅनिक नाही.

"मले पहिल्याच दिवशी समजलं गा," काकू म्हणाल्या. "मेकॅनिक घरात शिरून 'आई, पाणी दे' म्हणते का?"

आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. घर बदलल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

"मग तेव्हाच बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"बोलली असती, तर नळ कोणं बसवून देला असता?"