राधाबाईंकडची दोन पोरं

मिठबावच्या राधाबाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर त्या बंदरावर मासळी घेऊन एसटीने तळेऱ्यापर्यंत विकायला जायच्या. बोलायला तिखट. गिऱ्हाईक घासाघीस करायला कचरायचं. घरामागची पडवी त्यांनी एका खलाशाला भाड्याने दिली, तीही बोटीच्या तांडेलाने, म्हणजे म्होरक्याने, शब्द टाकला म्हणून.

खलाशाचं नाव थांग. सोबत दोन लेकरं, दहा-अकरा वर्षांची सुई आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ बियाक. बायको वारली, आम्ही नेपाळचे, एवढंच थांगने सांगितलं. बंदरावर नेपाळी खलाशी पुष्कळ, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही.

शाळेत पोरं सुईला दोरा आणून द्यायची आणि हसायची. राधाबाईंनी एकदा रस्त्यातच टोपली उतरवून त्या पोरांना झापलं. मग घरी आल्यावर सुईला नावाचा अर्थ विचारला. त्यांच्या भाषेत सुई म्हणजे सोनं, असं तिने सांगितलं.

"म्हणजे माझ्या घरात सोना रवता, आणि माकाच ठाऊक नाय," राधाबाई म्हणाल्या.

थांग मासेमारीला गेला की पोरं त्यांच्याच चुलीपाशी जेवायची. बियाक आला तेव्हा जवळजवळ मुकाच होता. पेज, बांगडो, मांजर, एकेक करत तो बोलायला लागला तो मालवणीच. राधाबाईंना तो 'आये' म्हणायचा. त्यांनी आधी दोनदा दटावलं, मग सोडून दिलं.

चतुर्थीला शेजाऱ्यांनी फटाके लावले, तेव्हा दोन्ही पोरं दिसेनात. राधाबाईंनी शोधलं तर ती खाटेखाली. सुईने भावाच्या तोंडावर हात गच्च दाबून धरलेला, आणि तोही सवयीचं असल्यासारखा निमूट पडलेला. आपल्याच भावाचा आवाज असा दाबायला ही पोर कुठे शिकली, ते राधाबाईंना कळेना.

दिवाळीनंतर एकाएकी वारा फिरला आणि जाळं ओढताना थांग समुद्रात पडला. मृतदेह किनाऱ्याला लागला. ही माणसं ख्रिस्ती, म्हणून मालवणहून पाद्री आले, प्रार्थना झाली, दफन झालं. सुई रडली नाही. भावाला मात्र तिने कडेवरून खाली उतरवलं नाही.

पोलीस ठाण्यातून हवालदार आले. माणूस चांगला होता. नेपाळातल्या नातेवाइकांचा पत्ता काढू आणि मुलांना तिकडे पाठवू, असं ते राधाबाईंना समजावत होते. सुई दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली.

"आमी नेपाळचे नाय," ती म्हणाली. "बाबान तसा सांगूक सांगलेला. आमी बर्माचे. सैनिकांनी आमचो गाव जाळलो. आवशीक मारल्यानी. आमका थंय धाडू नकात."

मग ती बोलतच राहिली. डोंगर ओलांडताना सैनिक जवळ होते, बियाक रडला असता तर सगळे सापडले असते, म्हणून बाबाने त्याचं तोंड दाबायला तिला शिकवलं होतं. हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. राधाबाईंनी चुलीवर चहा ठेवला.

त्यानंतर त्या ओरोसच्या जिल्हा कचेरीत बऱ्याच वेळा गेल्या. तिथे त्या जपून, पुस्तकातलं मराठी बोलायच्या. "साहेब, पोरं माझ्याकडे जेवतात, माझ्याकडे झोपतात. माझ्या नावावर होत नसतील तर नुसती सांभाळायला तरी द्या." साहेबांनी शांतपणे सांगितलं की परदेशातून आश्रयाला आलेली मुलं अशी देता येत नाहीत. सुईला आपल्या मावशीचं नाव आठवत होतं. ती दिल्लीत शरणार्थी म्हणून राहते असं कळलं, आणि तपास लागला. मावशीने दुसऱ्या देशात आश्रय मागितला होता. तिथे मुलांना शाळा, कागदपत्रं, सगळं मिळणार होतं.

मावशी न्यायला आली. राधाबाई तळेऱ्यापर्यंत सोबत गेल्या, पुढे कणकवलीची गाडी होती. सुई गाडीत बसली. बियाक मात्र पदर सोडीना. लोक बघायला लागले.

"मी माशे इकून येतंय," राधाबाई त्याला म्हणाल्या. "तू जाग्यार बस."

त्या रोज मासे विकायला जायच्या आणि परत यायच्या, हे त्याला माहीत होतं. त्याने पदर सोडला.

त्यानंतर राधाबाई तळेऱ्याला कधी विकायला गेल्या नाहीत. गावातल्या तिठ्यावरच बसू लागल्या. पडवी पुन्हा कुणाला दिली नाही.

पोरांना आश्रय मिळाला, पण खूप उशिराने. बर्फ पडतो अशा देशात. यंदा सुईचा फोन आला. ती मालवणीच बोलत होती, अडखळत, शब्द शोधत. शाळा बरी आहे म्हणाली. राधाबाईंनी बियाकला फोनवर मागितलं.

"जेवलंस रे, झिला?"

पलीकडे तो बहिणीशी इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणता तो?"

"तो इचारता, ही कोण?"

राधाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"शेजारीण आसा, म्हणान सांग तेका," त्या म्हणाल्या. मग थंडीत कान बांधून जात जा, असं दोघांना बजावून त्यांनी फोन ठेवला.