दाराकडे वळवलेल्या चपला

ईशान, रेवा, शाळेच्या नाटकात तुम्हा दोघांना काम मिळालं, हे तुमच्या आईने फोनवर सांगितलं आणि मला राहवेना. गेल्याच महिन्यात ओसाकाहून फोन आला, हारुएसान गेल्या... तुम्ही स्टेजवर पाय ठेवण्याआधी त्यांच्याबद्दल तुम्हाला कळायलाच हवं.

इथे सिंगापुरात, सेम्बावांगला त्या आमच्या शेजारी राहायच्या. आजोबांच्या शिपयार्डमधल्या जपानी इंजिनिअरशी लग्न केलं आणि त्यांनी सिनेमा सोडला. कोवळ्या वयात स्टुडिओत गेल्या त्या दार उघडणारी मोलकरीण म्हणून, आणि कितीतरी सिनेमांत नुसतं दारच उघडलं. मग एका दिग्दर्शकाने आईचं काम दिलं, आणि तिशीतच त्या साऱ्या जपानच्या आई झाल्या! "नायिकेला रडता आलं की पुरतं, आईला घरात शिरता आलं पाहिजे," असं त्या हसून म्हणायच्या.

त्या शेजारी असताना एका वर्षी गणेशोत्सवातल्या नाटकात मीही आई होते. भांडून वेगळ्या झालेल्या मुलीकडे ती पहिल्यांदा येते आणि दारातच बजावते, "मी राहायला आलेले नाही." माझं आयुष्यातलं पहिलं नाटक. आजोबा म्हणाले, तू वर्गात हजेरी घेतल्यासारखी बोलतेस. मी काम सोडायला निघाले, तेव्हा हारुएसाननी मला त्यांच्या घरी नेलं. मराठीचा त्यांना गंध नव्हता. इंग्रजीत नाटकाची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, आत या, चपला काढा. काढल्या. पुन्हा काढा. दुपारभर तेच चाललं. शेवटी त्या स्वतः वाकल्या आणि माझ्या चपलांची तोंडं दाराकडे वळवून ठेवली. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी तसा रिवाजच आहे. "पण माई-सान, नाटकात ही आई स्वतःच वळवते, ती निघायच्या तयारीने आली आहे."

प्रयोगात स्टेजवर गेले आणि वाक्य साफ गायब! समोर सगळी ओळखीची माणसं. हात मात्र आपसूक खाली गेले, चपला दाराकडे वळल्या... मुलगी झालेली सुलभा चपलांकडे बघत राहिली, आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलली, "आई, जेवून तरी जा." पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मला सगळी वाक्यं धडाधड आठवायला लागली! पडदा पडल्यावर हारुएसान आत आल्या, डोळे लकाकत होते.

"वाक्य विसरलात ना? पुढच्या प्रयोगातही विसरा."

जपानला परतताना त्या घरात वापरायच्या सपाता माझ्याकडे ठेवून गेल्या. आता सिंगापुरातल्याच बेडोकच्या फ्लॅटमध्ये त्या दाराशीच असतात. त्यांची तोंडं मी घराच्या आत वळवून ठेवली आहेत.