फुलपात्र वाजलं की

त्र्याण्णव साली कोयनानगरात भूकंपाचे धक्के थांबेनात. कॉलनीत दिवसा कुणी दाराला कडी लावत नसे, कारण कधी पळावं लागेल सांगता येत नव्हतं. घरोघरी फळीवर तांब्या आणि त्यावर फुलपात्र ठेवलेलं. ते खणखणलं की सगळे अंगणात.

माझ्या सासूबाई, बनुबाई, अंथरुणाला खिळलेल्या. मी शाळेत शिकवायला गेले की कामाला ठेवलेल्या एस्तेरमावशी त्यांना सांभाळायच्या. हे धक्के म्हणजे प्रभू येशूच्या परत येण्याची खूण, असं मावशींनी मनाशी धरलं होतं. रोज धुतलेलं पांढरं लुगडं नेसून यायच्या आणि म्हातारीला घास भरवतानाही कान फुलपात्राकडे. मला भारी राग यायचा.

एका दुपारी मोठा धक्का बसला. मी शाळेतून धावत आले, तर मावशी अंगणात आभाळाकडे बघत उभ्या आणि सासूबाई आत एकट्या. मी तोंड सोडणार, तोच आतून आवाज आला, "आला का गं तुजा परभू?"

"न्हाई, आत्या."

"मग मला पानी दे. लय भ्याले मी."

मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी पाजलं, पण निम्मं उशीवर सांडलं.

चार दिवसांनी फुलपात्र पुन्हा वाजलं. मी घरातच होते. मावशी दाराकडे गेल्या नाहीत. सासूबाईंवर ओणव्या झाल्या आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसल्या.

"आगं, भाईर जा की! आज आला असंल," सासूबाई म्हणाल्या.

"आला तर हितं येईल, आत्या. दार उघडंच हाय."