हातासरशी

आमच्या ह्यांच्या तोंडात एक शब्द आहे, त्याची मला धास्ती वाटते: हातासरशी. नळाचा वॉशर बदलायला बसले की हातासरशी अख्खा नळ उघडतात. पंख्याला तेल घालायला स्टुलावर चढले की हातासरशी पाती उतरवून घासायला घेतात, आणि मग आठ दिवस आम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसतो. काम अर्धवट मात्र कधी सोडत नाहीत. पण एकेक काम एवढं वाढवतात की ते संपेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला येतो.

एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचले. दोनदा कुत्रा चावला, एकदा उघड्या गटारात पाय गेला, पण घर कधी चुकवलं नाही. अजूनही रस्त्यात कुणी भेटलं तर त्यांना नाव आठवत नाही. "ते बघ, मीटरच्या काचेला तडा गेलेले आले," असं माझ्या कानात सांगतात. ही सगळी फिरती एकाच मोटरसायकलवर झाली. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि गाडीला एकच फेरी उरली, मला सोडायची.

मी हॉस्पिटलच्या कपडेखान्यात आहे. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डावॉर्डात पाठवायच्या. ड्यूटी सहाला सुरू होते आणि पहिली बस सव्वासहाची, म्हणून रोज सकाळी पाच चाळीसला हे मला गाडीवर सोडतात. "तुला सोडून आलो की माझा दिवस सुरू होतो," असं ते म्हणतात. खरं तर तिथेच संपतो, हे मला ठाऊक आहे. नंतर दिवसभर ते घरात काय मोडलंय ते शोधत फिरतात.

गेल्या महिन्यात गाडीचा डावा इंडिकेटर बंद पडला. साधा बल्ब गेला होता.

"बल्ब बदलतो," हे म्हणाले, "आणि हातासरशी जरा रंग देतो. गंज धरलाय."

मी कपाळाला हात लावला. चार दिवस गाडीचे अवयव गॅलरीत पसरले होते. नटबोल्ट साखरेच्या डब्यात, हेडलाइट माझ्या परातीत. सांगाड्याला ह्यांनी काळ्या रंगाचे दोन हात दिले, तेही बारीक ब्रशने, प्रत्येक खाचेत आणि प्रत्येक भोकात. मग सगळं जोडलं. गाडी अशी चकाकत होती की शेजारी विचारून गेले, नवीन घेतलीत का?

ह्यांनी ऐटीत बटण दाबलं. आतून नुसतं 'टक्' झालं.

किक मारली तरी काही नाही. हॉर्न दाबला की हेडलाइट मान टाकायचा. डावा इंडिकेटर लावला की डावा-उजवा दोन्ही मिणमिणायचे. ह्यांनी बॅटरी चार्ज करून आणली, फ्यूज बदलला, प्लग घासला, एकेक वायर बोटाने चाचपत शेवटापर्यंत गेले. संध्याकाळी हात काळे करून आत यायचे आणि म्हणायचे, "बॅटरी ठणठणीत आहे गं. कशाचाच अर्थ लागत नाही."

नऊ दिवस मी पायी गेले. पाऊण तास जायला, आणि तिथे आठ तास उभ्याने काम. पायांचे तुकडे पडायचे. दोनदा उशीर झाला, तर मुकादमीण सगळ्यांसमोर घड्याळाकडे बघून हसली. घरी आले की चहा ठेवायचंही जिवावर यायचं. चिडले नाही असं नाही. एकदा ओरडलेच, "अहो, बोलवा ना कुणा वायरिंगवाल्याला!"

"माझ्या गाडीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही," एवढंच बोलून ते पुन्हा गॅलरीत गेले. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी चहा ठेवायला उठले.

आमच्या मागच्या गल्लीत हॉस्पिटलची एक्स-रेवाली राहते. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला, हात कणकेचे म्हणून मी स्पीकरवर घेतला. "काकू, सोमवारपासून रोज माझ्या कारमधून चला. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगा, नाहीतर दुसऱ्या मुलीला जागा देईन." मी "उद्या सांगते" म्हटलं. ह्यांचं डोकं गाडीच्या पोटात होतं, त्यांना काही ऐकू गेलं नसणार असं मी धरून चालले. माझे पाय हो म्हणत होते. पण मी हो म्हटलं की ह्या माणसाला सकाळी उठायला कारणच उरणार नव्हतं, आणि ते मला बघवलं नसतं.

शनिवारी दुपारी ड्यूटीवरून येताना मी वायरिंगवाल्याकडे गेले. त्याला सगळे 'टेस्टर' म्हणतात, कारण त्याच्या कानामागे कायम टेस्टर खोचलेला असतो. त्याने मान वर न करताच विचारलं, "घरी काय काय केलंत? आधी खरं सांगा, वहिनी. लोक डॉक्टरपेक्षा माझ्याशी जास्त खोटं बोलतात."

मी सगळं सांगितलं. रंगावर आले तसा तो हसला.

"मग अर्थच नाही."

"कशाला अर्थ नाही?"

"गाडीला. अर्थिंग हो! बॅटरीची काळी वायर सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते. तिथे खाली रंग बसलाय. रंगातून करंट कसा जाणार? खरवडून पत्रा उघडा करा, मग आवळा. दहा मिनिटांचं काम. येऊ का?"

"नको," मी म्हटलं. त्याने पॉलिश पेपरचा तुकडा फाडून दिला.

वाटेत मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या कुणी आळसाने ती जागा तशीच सोडली असती आणि त्याची गाडी चालली असती. ह्यांनी तिथेही दोन हात दिले होते.

घरी आले तेव्हा हे छातीवर चष्मा ठेवून झोपले होते. मी पाना घेतला आणि बोल्ट काढला. इतक्या निगुतीने दिलेला रंग पॉलिश पेपरने खरवडला. पत्रा चकाकला तशी वायर बसवून बोल्ट आवळला आणि चावी फिरवली. दिवा लख्ख लागला. लगेच एक्स-रेवालीला फोन करून हळूच सांगितलं, नको गं.

चहाच्या वेळी म्हटलं, "अहो, एकदा बटण दाबून बघा ना."

"शंभरदा दाबलंय."

"एकशेएकाव्यांदा दाबा."

गाडी फुरफुरून सुरू झाली. ह्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "कधीकधी बॅटरी बसायला वेळ लागतो."

"लागत असेल," मी म्हटलं. आपली लबाडी पचली म्हणून मी खुशीत होते.

सोमवारी पाच चाळीसला निघालो. अर्ध्या वाटेत ह्यांनी मागे न बघता विचारलं, "एक्स-रेवालीला काय सांगितलंस?"

म्हणजे तो फोन ह्यांनी ऐकला होता. "नको म्हटलं."

"का? कार आहे की."

"कारमध्ये मला मळमळतं."

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

ह्यांनी गाडी हॉस्पिटलच्या फाटकापाशी थांबवली. मी उतरले, हेल्मेट त्यांच्या हातात दिलं.

"बोल्ट आवळताना वॉशर विसरलीस," ते म्हणाले. "स्टँडपाशी पडला होता."

मी विचारलं, "बसवलात?"

"बसवला, हातासरशी."

"आणि वरून रंग?"

"नाही दिला," त्यांनी गाडी वळवत सांगितलं. "तेवढं राहू दे उघडं."