खडवलीची फांदी

कोणी शिंकलं की माणसं ‘सर्दी झाली का?’ असं विचारतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायच्या, “खिडकी कुठली उघडी होती? रस्त्याकडची की मागची?” कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांना स्वतःला दमा होता, त्यामुळे डोंबिवलीच्या हवेशी त्यांचं भांडण अगदी घरगुती होतं.

बाईंचा जीव होता तो सोसायटीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या वावळाच्या झाडावर. थंडी संपता संपता पानं गळून त्याला बारीक मोहर यायचा आणि पराग वाऱ्यावर निघायचे. नेमका त्याच सुमारास सेक्रेटरींच्या आईंचा खोकला सुरू व्हायचा. झाड आरोपी ठरायला आणखी काय लागतं?

“पराग फुलातून निघतो तेव्हा गरीब असतो हो,” बाई समजवायच्या. “इकडे गाड्यांचा धूर, तिकडे कारखान्यांचा. त्यातून येताना ते वायू त्याच्यावर बसतात, त्याच्यातली प्रथिनंच बदलून टाकतात. मग तो छातीला बाधतो. निघतो एक आणि पोचतो दुसराच.”

“बाई, धूर काय मी बंद करू?” सेक्रेटरी म्हणायचे. “झाड तरी आपल्या हातात आहे ना!”

झाड तोडायचं ठरवायला पार्किंगमध्ये मीटिंग भरली. त्या सकाळी बाई धुरापासून लांब, खडवलीला जाऊन आल्या. तिथल्या नदीकाठच्या वावळाची मोहरलेली फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. सगळ्यांसमोर ती नाकाशी धरून त्यांनी खोल श्वास घेतला. काही झालं नाही.

“बघितलंत?” म्हणाल्या आणि मग आमच्या फाटकापाशच्या वावळाची फांदी हुंगली.

खोकल्याची अशी उबळ आली की मी धावत जाऊन पाणी आणलं. बाई खोकता खोकता हसत होत्या, प्रयोग साधला म्हणून. मंडळी मात्र झाडाकडे बोट दाखवत होती.

“बाई, तुम्हीच प्रूफ दिलंत की!” सेक्रेटरी म्हणाले.

“अहो, झाड दोन्हीकडे तेच… हवा…” पुढे बोलायला त्यांना दम पुरेना. त्यांचं म्हणणं मी मोठ्याने सांगून बघितलं, पण तोवर हात वर झाले होते.

रीतसर परवानगी काढून वावळ तोडला. बाई गॅलरीतून बघत होत्या. “प्रयोग चुकला नव्हता ना हो माझा?” त्यांनी मला विचारलं. नाही म्हटलं, पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही. मला अजून त्याचं फार वाईट वाटतं.

दिवाळीनंतर बाई गेल्या.

यंदाच्या थंडीत फाटकाशी वावळ नव्हता. धूर होता तसाच होता, आणि सेक्रेटरींच्या आईंचा खोकलाही ठरल्या वेळी आला. एका दुपारी वर बेल वाजली म्हणून मी जिना चढून गेलो. बाईंच्या कुलूप लावलेल्या दारासमोर सेक्रेटरी उभे होते.

“अहो, बाई तर…”

“माहितीये. खांदा दिलेला मी,” ते म्हणाले. “पण आईला श्वास घेता येत नाहीये. आता कोणाला विचारू?”