नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स

“दादा, तुमच्या आधारची झेरॉक्स आणा. दोन्ही बाजू एकाच कागदावर घ्या,” असं ती मान वर न करता म्हणायची आणि बायकोला घेऊन आलेला माणूस मुकाट्यानं बाहेर पडायचा. सरकारी दवाखान्यात कागद मागितला की आपण ‘कशाला’ म्हणून विचारत नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

कोरेगावकडच्या एका लहानशा दवाखान्यात ती सिस्टर होती. मी साताऱ्याहून तिथे प्रशिक्षण द्यायला जायचे. घरात मार खाल्लेली बाई उपचाराला आली तर ती कशी ओळखायची, तिला काय विचारायचं, नोंद कशी करायची, हे नर्स आणि आशाताईंना शिकवणं माझं काम. ते मी जीव ओतून करते. म्हणूनच मला ती सिस्टर अजिबात सहन व्हायची नाही.

पहिल्याच दिवशी मी एक प्रसंग करून दाखवायला लावला. एक नर्स मार खाल्लेली बाई झाली, दुसरी विचारणारी. चांगला रंग भरत होता. सिस्टर मागच्या बाकावर गॉजच्या घड्या घालत बसली होती. मध्येच म्हणाली, “मॅडम, तुमच्या नाटकात सासू कुठं हाय?” मी म्हटलं, बाईला एकांतात विचारायचं असतं, म्हणून सासू नाही. “आवं, पण आमच्याकडं सासू न्हाईतर नवरा असल्याबिगर बाई केसपेपरच काढत न्हाई.” सगळ्या हसल्या आणि माझा प्रसंग तिथेच फिसकटला.

महिन्याभरानं शिकवलेलं वापरतात का ते बघायला गेले, तर हिचं झेरॉक्स प्रकरण दिसलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, नातेवाइकाचं आधार मागायचा असा काही नियम नाही. ती म्हणाली, नियम नाहीच, पण झेरॉक्सचं दुकान स्टँडपाशी आहे आणि जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत ती बाईशेजारी स्टूल ओढून बसायची आणि हळू आवाजात विचारायची.

मला कौतुक वाटायला हवं होतं. पण मी रजिस्टर उघडलं आणि डोकं फिरलं. आम्ही खास छापून दिलेलं रजिस्टर पहिल्या पानापासून कोरं. केसपेपरवर काय, तर ‘पाय घसरून पडली’. तिचं म्हणणं, केसपेपर नवऱ्याच्या खिशातून घरी जातो, आणि रजिस्टर टेबलावर असतं, तिथे गावातला कोणीही वाचतो. मी म्हटलं, मग कुलपात ठेवा, पण लिहा आणि खाली सही करा. उद्या ती बाई कोर्टात काय दाखवणार? “बगू,” ती म्हणाली आणि तिनं चहा मागवला. पुढची तीन वर्षं मी दर भेटीत हेच बोलले आणि दर भेटीत चहा प्यायले.

प्रशिक्षणानंतर अभिप्रायाचा कागद भरून घ्यावा लागतो. हिच्या कागदावर पहिली ओळ ठरलेली: ‘चहा पातळ होता.’ खाली मात्र पूर्ण नाव आणि ठसठशीत सही, कारण त्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नसे. पहिली ओळ वाचून मी तो कागद फाइलमध्ये कोंबायचे.

निवृत्त होऊन ती कुपवाडला मुलाकडे राहायला गेली. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

मग माझ्याकडे सुरेखा आली. ती मुलीला घेऊन घरातून निघाली होती. नवऱ्यानं आपल्या आणि मुलीच्या जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा आदेश तिला हवा होता. नवरा म्हणत होता, मी कधी हातच उगारला नाही. तिच्याकडचे त्याच दवाखान्यातले केसपेपर बघितले तर प्रत्येकावर पाय घसरलेला. मी तिच्यासमोरच सिस्टरच्या नावानं बोटं मोडली.

सुरेखा शांतपणे म्हणाली, “सिस्टरनी लिवलंय. माझ्या नवऱ्याच्याच आधारच्या झेरॉक्सवर, मागल्या बाजूला.”

मी कुपवाडला फोन लावला. मुलानं उचलला. आई दोन महिन्यांपूर्वीच गेली, म्हणाला. मला रडू आलं नाही, राग आला.

नव्या सिस्टरनं तिचं जुनं कपाट उघडून दिलं. तळाशी बँडेजच्या पट्टीनं बांधलेला झेरॉक्सचा गठ्ठा. पुढे नवऱ्यांचे, सासवांचे फोटो आणि मागे तिचं बारीक अक्षर. सुरेखाच्या नवऱ्याच्या पाठीमागे तारीख, वेळ, आणि मग: ‘डाव्या दंडावर बोटांचे वळ. कानामागे सूज. नवऱ्याने मारले, असे सांगते. आज घरी जाणार म्हणते. परवा ड्रेसिंगला बोलावले आहे.’ असे चार कागद. एकावरही सही नाही. तीन वर्षं कानीकपाळी ओरडले होते हो मी.

वकीलबाई म्हणाल्या, अक्षर तिचंच आहे हे दाखवता येईल असं काही आहे का? तेव्हा मला ती अभिप्रायांची फाइल आठवली. ती मी न उघडताच त्यांच्या हाती दिली.

कोर्टात झेरॉक्स आणि अभिप्राय शेजारी शेजारी ठेवले. नवऱ्याच्या वकिलानं मला सांगितलं, या सही केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. मी वाचलं, “चहा पातळ होता.” कोणीतरी हसलं. “पुढे वाचा,” तो म्हणाला. पुढे काही असेल हे मलाच माहीत नव्हतं. “मॅडम फार बोलतात, पण खरे बोलतात. मला सही करायची भीती वाटते. माझी बदली झाली तर या बायकांना कोण विचारणार?”

पुढच्या तारखेला सुरेखाला आदेश मिळाला. बाहेर आल्यावर तिनं मला समोरच्या टपरीवर नेलं आणि दोन कप सांगितले.

चहा पातळ होता. मी तो सगळा प्यायले.